गाडीची बॅटरी आणि रविवारचा फेरा



डिंडोलीतील आपल्यापैकी अनेकांची गावे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. गावी जायला सोयीची म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि ती दोन महिने दारातच उभी राहिली. एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. धावत जाऊन किल्ली फिरवली, तर नुसते 'टक् टक्'! शेवटी शेजारच्या भाऊंनी आपली रिक्षा काढली. आई वेळेत दवाखान्यात पोहोचली व बरी झाली. पण ती दहा मिनिटे मी विसरलो नाही.

पुढे गॅरेजवाले काका म्हणाले, "भाऊ, बॅटरी म्हातारी नव्हती. तुम्हीच तिला उपाशी ठेवलं."

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज घेतच असतात. उन्हाळ्यात बॅटरी स्वतःहूनही लवकर उतरते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग ती नीट चार्ज होत नाही. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी, गाडी काही तास बंद ठेवल्यावर, मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चालवतो. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून भागत नाही. गावी रेल्वेने जायचे असेल, तर आधी निगेटिव्ह वायर काढून ठेवतो. गाडी सावलीत लावतो. पाणी भरायची बॅटरी असल्याने त्यात खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतो, नळाचे कधीच नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला, तर वायरी काढून कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने पुसतो, कोरडे करून व्हॅसलिन लावतो. मुलांनो, हे काम मोठ्यांनीच करायचे. आत अॅसिड असते आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. उघड्यावर फोडली, तर त्यातील शिसे लहान मुलांना फार अपायकारक असते.

वस्तू असो वा माणूस, गरज पडेल तेव्हाच आठवण काढून चालत नाही. आता दर रविवारी सकाळी आईच विचारते, "गाडी फिरवली का रे?" आणि स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसते.