मोजून सात

फुटबॉलचे एकूण नियम १७. त्यातला अकरावा ऑफसाइडचा. तो डोक्यात शिरायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. पण मुलींच्या टीमची झोप उडवणारा नियम आहे तिसरा. एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर मॅच सुरूच होत नाही, आणि सुरू असली तर तिथेच थांबते. आपल्या कॉलेजच्या मुलांना हा नियम बहुधा ऐकूनसुद्धा माहीत नसेल. त्यांच्या ट्रायल्सना एवढी गर्दी असते की निम्मे रुसून परत जातात. आमच्याकडे ट्रायल्स झाल्याच नाहीत. नोटीस बोर्डवर नाव लिहिलं की सिलेक्शन!

मी तर कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मुलींना थ्रोबॉल आणि भिंतीपलीकडे मुलांच्या शाळेत फुटबॉल. त्यांचा बॉल आमच्याकडे आला की हाताने उचलून परत फेकायचा. पायाने मारला की सिस्टर डायरीत रिमार्क लिहायच्या. त्यामुळे माझं फुटबॉल आणि माझं मराठी, दोन्ही सुधारलं ते हॉस्टेलवर आल्यावरच. (संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून घ्यावं, ही नम्र विनंती.)

यंदा आम्ही चौदा जणी होतो. प्रॅक्टिकल्स सुटायची साडेपाचला आणि लेडीज हॉस्टेलचं गेट बंद व्हायचं सातला. मधल्या वेळात क्रिकेटवाल्यांना विनवण्या करून अर्धं ग्राउंड मिळवायचं, म्हणजे खेळायला उरणार किती? कॅप्टनने रेक्टर मॅडमना अर्ज दिला. मॅडमनी अर्धा तास वाढवून दिला, पण एक अट घातली. गेटवरच्या वहीत जाताना आणि येताना आकडा लिहायचा. ‘‘चौदा गेल्या तर चौदाच परत आल्या पाहिजेत,’’ त्या म्हणाल्या. मग वॉचमन मामा रोज संध्याकाळी आम्हाला मेंढरं मोजावीत तसे मोजू लागले. बूट मुलांच्या टीमने टाकून दिलेले, ते दोन-दोन मोजे घालून पायात बसवले. जर्सी गुडघ्यापर्यंत. उशीर झाला की मेसच्या काकू आमच्या पोळ्या झाकून ठेवायच्या. एवढी आमची स्पॉन्सरशिप!

पहिली मॅच आम्ही ०-५ ने हरलो. समोरच्या मुली शाळेपासून खेळत आलेल्या. आमची गोलकीपर शेवटी चिखलातून उठून रेफरींना म्हणाली, ‘‘सर, अजून किती वेळ आहे?’’

दुसरी मॅच आम्ही जिंकलो, आणि सगळ्या सीझनमधला तो सर्वांत वाईट दिवस होता. समोरची टीम आली ती सहा जणींची. सातवीला ऐनवेळी घरून सोडलं नव्हतं. रेफरींनी वाट पाहिली, पुन्हा एकदा मोजलं, घड्याळ बघितलं आणि वॉकओव्हर दिला. कागदोपत्री आम्ही ३-०. आमच्यापैकी कुणीच ओरडलं नाही. त्या सहा जणी बुटांच्या नाड्यासुद्धा न सोडता तशाच बसून होत्या. तेव्हा कॅप्टन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘‘आलाच आहात तर खेळू या ना.’’ आम्ही त्या दिवशी बारा जणी होतो. आमच्यातल्या तिघी त्यांच्याकडे गेल्या, त्यात मीही होते. नऊ विरुद्ध नऊ असं अर्धा तास खेळलो. गोल कुणी मोजले नाहीत.

परतताना बसमध्ये मला आपली भारताची टीम आठवली. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई कप आपल्याकडे होता. नवी मुंबईत पहिली मॅच इराणशी ०-० सुटली. मग टीममध्ये कोविड शिरला आणि चायनीज तैपेईविरुद्धच्या मॅचला नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा जणीसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत. स्वतःच्या देशात, एकही मॅच न हरता, स्पर्धेतून बाहेर! त्याच देशाच्या टीमने जुलै २०२५ मध्ये थायलंडला थायलंडमध्ये जाऊन २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयाने भारत २०२६ च्या आशियाई कपसाठी पात्र ठरला. जिंकणं-हरणं ही पुढची गोष्ट. आधी मैदानात माणसं उभी राहावी लागतात, हे मला त्या बसमध्ये पटलं.

तिसरी मॅच जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो. पण त्याच आठवड्यात व्हायरल तापाची साथ आणि सबमिशन्स एकदम आली. मैदानावर पोहोचलो आठ जणी. कॅप्टन सिव्हिलची, तिने तिथेही ट्रस काढला. ‘‘डिटर्मिनेट ट्रसमधला एक मेंबर गेला की ट्रस कोसळतो. इनडिटर्मिनेटमध्ये बाकीचे मेंबर त्याचा लोड वाटून घेतात. आज तिघींचा लोड आठ जणींत वाटायचाय.’’

आणि खरंच वाटला! हाफ टाइमला ०-१. दुसऱ्या हाफमध्ये आम्हाला थ्रो-इन मिळाला. थ्रोबॉलची सगळी पुण्याई पणाला लावून मी बॉल लांब फेकला, आणि मेकॅनिकलवालीच्या नडगीला लागून तो आत गेला. नडगी तर नडगी, गोल तो गोल! शेवटी आम्ही १-२ ने हरलो. सीझनभरात आमच्या नावावर चार गोल लागले, त्यातला आम्ही मारलेला हा एकच.

आता खरा मुद्दा. चौदांपैकी आठ जणी यंदा फायनल इयरच्या. त्या पास आउट झाल्या की उरतो सहा. त्या नाड्या बांधून बसलेल्या मुली किती होत्या, ते वर लिहिलंच आहे.

तेव्हा फर्स्ट इयरच्या मुलींनो, आम्हाला मेस्सी नकोय. सातवी हवी आहे. येत नसेल तरी चालेल, बूट आम्ही देऊ, मोजे मात्र दोन जोड आणा. साडेपाचला ग्राउंडच्या नेटजवळ या. वहीत आकडा मामा लिहितील.