ती ओळ मीच लिहिली होती

मागच्या दिवाळीत इंदूरला आत्याकडे गेले, तेव्हा शोकेसमध्ये एक नवी फ्रेम दिसली. माझ्या आतेभावाचं कोडिंगचं सर्टिफिकेट. तो नववीत आहे, सीबीएसईला. आत्या कौतुकाने सांगत होती, "अगं, अठ्ठेचाळीस हजारांचा कोर्स आहे. महिन्याला चार हजारांचा हप्ता. पण जाहिरातीत लिहिलं होतं ना, आज त्याच्या हातात मोबाइल आहे, उद्या त्याने बनवलेलं ॲप जगाच्या हातात असेल. मग म्हटलं, मुलाच्या भविष्यात कंजुषी कशाला?"

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. ती ओळ माझी होती.

तुम्हाला सांगते, मी बीए इंग्लिश. कंटेंट रायटर म्हणून काम करते. ज्या एजन्सीत आधी होते, तिथे शाळकरी मुलांच्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती यायच्या. ही ओळ मी दुपारच्या जेवणाआधी वीस मिनिटांत लिहिली होती. तेव्हा मला 'लूप' म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात, हे मी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

त्या रात्री आत्याला काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आतेभावाला म्हटलं, दाखव बघू काय शिकलास ते. त्याने कॅल्क्युलेटरचं ॲप उघडलं. छान दिसत होतं. मी विचारलं, "यात वर्गमूळाचं बटण घालता येईल?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "ताई, मॅम स्क्रीन शेअर करायच्या आणि आम्ही बघून टाइप करायचो. सगळ्यांचं ॲप सेम आहे."

त्याचा दोष नव्हता. शुद्धलेखनाच्या वहीत फळ्यावरचा उतारा उतरवून काढला म्हणून कुणी लेखक होत नाही, तसंच हे.

मी चार दिवस सुट्टी वाढवली. दोघांनी मिळून शून्यापासून सुरुवात करायची ठरवली, आणि एक रुपयाही न देता. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएसफिफ्टी नावाचा कोर्स नेटवर फुकट बघायला मिळतो. त्याची सुरुवात होते स्क्रॅचपासून. एमआयटीने 2007 मध्ये मुलांसाठी खुलं केलेलं हे साधन. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरची मांजर चालवायची, एवढंच. मला वाटलं, हे तर लहान मुलांचं. पण हार्वर्डची मुलंही तिथूनच सुरू करतात म्हटल्यावर माझा तोरा उतरला. कोर्स शिकवणारे डेव्हिड मॅलन जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून दाखवतात: नाव शोधायचं तर पहिल्या पानापासून कशाला जायचं, मधलं पान उघडा, अर्धी डिरेक्टरी बाद करा, उरलेल्या अर्ध्यातही तेच करा. डिक्शनरीत शब्द शोधताना आयुष्यभर मी हेच करत आले होते! बीए इंग्लिशवालीला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

तिसऱ्या दिवशी आम्ही पायथनवर आलो. एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक नेटवर मोफत आहे, तेच समोर ठेवलं. ठरलं की पाढे छापणारा प्रोग्राम लिहायचा. एक ते दहा म्हणून त्याने रेंजमध्ये एक आणि दहा हे आकडे टाकले आणि एकोणतीसचा पाढा मागवला. पडद्यावर झरझर ओळी आल्या. आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या.

आत्या मागे भाजी निवडत बसली होती. चष्मा नाकावर सरकवत पुढे आली. "दोनशे एकसष्टवर कसा थांबला रे? एकोणतीस दाहे दोनशे नव्वद कुठंय?"

आम्ही बघतच राहिलो. खरंच, दहावी ओळ नव्हती. बराच वेळ डोकं खाजवल्यावर पुस्तकात सापडलं: पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्याच्या आधीच थांबते. दहापर्यंत जायचं तर अकरा लिहावं लागतं. त्याने दहाचा अकरा केला आणि दोनशे नव्वद आले. त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. फ्रेममधल्या सर्टिफिकेटने तसा चेहरा नक्कीच झाला नसणार. आणि चूक पकडली कुणी, तर जिने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, पण पाढे तोंडपाठ केले होते, तिने.

त्याच संध्याकाळी आत्याला सांगून टाकलं. ती जाहिरात मी लिहिली होती. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "लिहिलंस छान गं. म्हणून तर पैसे भरले." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून तुमच्याशी बोलतेय. घरात आठवी-नववीतलं मूल असेल, तर कधीतरी असा फोन तुम्हालाही येईल: आता नाही शिकला तर मागे पडेल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. जेईई मेनमधून बीटेकला जायचं तर परीक्षेत गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रच असतं. कोडिंगच्या सर्टिफिकेटचे गुण त्यात कुठेही धरत नाहीत. अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं नसलं तरी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जाता येतं. घेतलं तर उत्तमच. सीबीएसईच्या या विषयात पायथन आहे, डेटाबेस आहे, 70 गुणांची लेखी आणि 30 गुणांचं प्रात्यक्षिक, आणि तेही शाळेच्या नेहमीच्या वेळात. मुलाला खरंच गोडी असेल तर इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची पहिली फेरी देऊन बघू दे. गंमत म्हणजे त्यातला एक पेपर कॉम्प्युटरशिवाय, कागद-पेन्सिलवर सोडवतात. डोकं चालतं का, एवढंच बघतात.

सगळेच पैसे घेणारे क्लास वाईट, असं मी म्हणत नाही. भंवरकुआच्या एका छोट्या क्लासमध्ये आतेभावाचा मित्र जातो, तिथले सर मुलांना प्रोग्राम मोडून पुन्हा जुळवायला लावतात. पैसे भरण्याआधी फक्त एकदा वर्गात बसू द्या म्हणावं. आणि मुलाने केलेलं काही दाखवलं, तर विचारा, यात एक गोष्ट बदलून दाखवशील? आधीच्या मुलांचे फोटो आणि आकडे बघण्यापेक्षा या प्रश्नाने जास्त कळतं. मीही असे फोटो निवडले आहेत, म्हणून सांगते.

आम्ही कोर्स रद्द करायला मेल केला. उत्तर आलं, मुदत संपली. सात हप्ते उरले होते. मी म्हटलं, ते मी भरते. आत्या ऐकेना. शेवटी अर्धे-अर्धे ठरले. दर महिन्याच्या पाच तारखेला मी दोन हजार पाठवते, आणि त्याच दिवशी आतेभाऊ मला नवा प्रोग्राम पाठवतो. मागच्या महिन्यात त्याने आत्याच्या भिशीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम केला. बारा बायका, प्रत्येकी हजार रुपये. बेरीज अकरा हजार येत होती. मी फोनवर काही सांगायच्या आधीच तिकडून त्याचा आवाज आला, "थांब ताई, कळलं. रेंज."