कणगीतली ऊब

नगर हवेलीतल्या वासोण्याच्या घरी गेल्या आठवड्यात भाचा तारा झाळत बसला असता राळेच्या धुराचा उग्र गंध नाकात शिरला, आणि त्यामागोमाग, खांद्यापर्यंत हात भाताच्या कणगीत खुपसून डोळे मिटून उभी राहिलेली आजी मला दिसू लागली. तो करीत होता ते यंत्र तिच्या त्या हाताचेच काम करण्यासाठी होते. भात पुरते वाळले नसले, दाण्यांतला ओलावा शेकडा 14 हून अधिक राहिला, की त्यांचा आणि किडीचा श्वसनव्यापार वाढतो, व राशीतून उष्णता अतिशय मंद वाहत असल्याने ती गाभ्यात कोंडते. बाहेरचा शेणाने सारवलेला बांबू मात्र थंडच लागतो.

भाच्याने प्रथम एलएम35 आणला होता. अंशामागे 10 मिलिव्होल्ट देणारा हा संवेदक सरळ स्वभावाचा खरा, परंतु लांब तारेत त्या क्षीण संकेतात परका गोंगाट मिसळतो. मी डीएस18बी20चा आग्रह धरला: पोलादी नळीत बंद, अर्ध्या अंशाच्या आत विश्वसनीय, माप अंकरूपानेच पाठविणारा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक नांदू शकणारा, वर 4.7 किलोओहमचा एक रोधक जोडला की झाले. तीन संवेदक बांबूच्या कामटीवर, तळाशी, मध्यावर आणि पृष्ठाजवळ बांधावयाचे, व कामटीची लांबी कणगीच्या उंचीवरून घ्यावयाची. खोके आधी विकत आणून मग त्यात यंत्र कोंबणाऱ्यांविषयी माझ्या मनात फार जुनी अढी आहे.

ह्या मुलखाचे मापही तसेच उलटे ठरले. 1779च्या तहनाम्यात पेशव्यांनी पोर्तुगीजांना सालिना 12,000 रुपये वसुलाची गावे देण्याचे कबूल केले, आणि 1783 साली ती रक्कम भरेल अशी नगर हवेलीची 72 गावे त्यांच्या हवाली झाली. आकडा आधी, माणसे मागून! त्या गावांतल्या कणग्यांची आठवण कोणत्या कारकुनाला झाली असेल?

आजी मात्र हात बाहेर काढल्यावर तळवा हुंगत असे. ऊब जाणवण्याआधी कुबट वास येतो, असे ती म्हणे. भाच्याने त्यासाठी एमक्यू जातीचा वायुसंवेदक सुचविला, पण तो आतल्या तापकावर चालतो, विद्युत्घट लवकर रिता करतो, आणि ज्या धान्याची ऊब मोजावयाची तेथे स्वतःची उष्णता सोडतो. मी तो नाकारला. वासासाठी हातच आत घालावयाचा, म्हणून कणगीचे तोंड यंत्राने अडवावयाचे नाही, एवढे मात्र बजावले आहे. आणि तो वास ओळखावयाचा कसा, हे भाच्याला शिकविण्यासाठी थोरल्या मावशीला भात झोडण्यापूर्वी बोलावणे धाडले आहे, कारण आजीकडून ते तिनेच उचलले.