कव्हरावरचा क्रूस

रविवारची उपासना आटोपली की चर्चच्या दाराशी पुस्तकांचं टेबल लागतं. पातळ पुस्तिका, कव्हरावर क्रूस नाहीतर उगवता सूर्य, आत दिवसाला एक वचन आणि पानभर दिलासा. विश्वास वाढवणारं वाचन ते हेच, असं आपण धरून चालतो. पण कव्हरं बघूनच निवडायचं, तर ईयोबाचं पुस्तक हातून निसटलंच असतं. त्यात सर्वांत सोज्वळ बोलतात ते ईयोबाचे मित्र: देव न्यायी आहे, तूच काही पाप केलं असशील, पश्चात्ताप कर. यातलं कुठलंही वाक्य त्या पुस्तिकांत सहज खपेल. शेवटी देवाचा कोप होतो तो मात्र या मित्रांवर. राखेत बसून देवाशी भांडणारा ईयोब योग्य बोलला, असा निवाडा तोच देतो. शास्त्रानेच दिलेली ही कसोटी मला पुरते. दुःखाला घाईघाईने गप्प करणारं पुस्तक अडल्या वेळी कामाला येत नाही.

या कसोटीला मराठीत उतरतं ते लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’, आणि धार्मिक पुस्तक म्हणून ते कुणी विकत नाही! १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी यातलं काही झाकलेलं नाही: नवऱ्यावरचा राग, सोवळ्याओवळ्याची घालमेल, कुणाच्या हातचं पाणी प्यावं हा पेच, आणि त्यातच स्वतःची थट्टा. मन पालटलं ते पाण्याच्या भांड्यापाशी, म्हणून ते पटतं.

कोवळ्या विश्वासापुढे शंका कशाला ठेवायच्या, असं कुणी म्हणेल. म्हणणं अगदीच चूक नाही. नवख्याच्या हाती आधी शुभवर्तमानच द्यावं. पण पुढे तो स्तोत्रसंहिता उघडणारच, आणि तिथे तक्रारींना तोटा नाही. ख्रिस्ती नसलेलं वाचल्याने विश्वास पातळ होतो, ही भीती मात्र मला मान्य नाही. पौलाने अथेन्समध्ये ग्रीक कवींचाच दाखला दिला होता. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, ते ज्ञानेश्वरांच्या ओवीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं तर टिळकच सांगत.

तेव्हा यंदा घरातल्या मुलाचं दृढीकरण असेल, तर वचनांच्या पुस्तिकेसोबत ‘स्मृतिचित्रे’ही द्या. अडेल तिथे खूण करायला एक पेन्सिलही.