डेट्रॉइटमधील खर्जाचें घर

अमेरिकेस जाऊन आलेल्या मंडळींनीं नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कचीं गगनचुंबी घरें आणि तेथील रस्त्यांची रुंदी यांचीं वर्णनें इतकीं लिहिलीं आहेत कीं, त्यांत आम्ही आणखी भर घालण्याचें कारण नाहीं. २०२३ च्या जून महिन्यांत आम्ही सहकुटुंब आमच्या कन्येकडे मिशिगन राज्यांतील नोव्हाय या गांवीं गेलों होतों. डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांचें शहर तेथून पाऊण तासाच्या वाटेवर आहे, आणि त्या धंद्यामुळें महाराष्ट्रांतील पुष्कळ इंजिनियर मंडळी या भागांत स्थायिक झालीं आहेत. नायगारा आम्हींही पाहिला. परंतु घरीं परतल्यावर जी जागा वारंवार मनांत येते ती म्हणजे डेट्रॉइटमधील एका हमरस्त्यावरचें साधें दुमजली घर होय. तेथें जाण्याचा योग कसा आला हें सांगितल्यावांचून त्या घराचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं यावयाचें नाहीं.

आमचा नातू तेथील विद्यापीठांत इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत होता. त्यास ‘बेस गिटार’ नामक वाद्याचा छंद लागला होता आणि एका वाद्यवृंदानें त्यास सहा महिने गांवोगांव हिंडण्यासाठीं बोलाविलें होतें. जावयाचें तर शिक्षण अर्ध्यावर सोडावें लागणार. आम्हांस पोहोंचून दोन दिवस होतात न होतात तोंच कन्या म्हणाली, “बाबा, तुम्हीं जन्मभर लोकांच्या मुलांना समजावलें. आतां आपल्या नातवालाही चार शब्द सांगा. आमचें तो ऐकत नाहीं.” आम्हीं होकार दिला. परंतु ज्या विषयाचें आपणांस ज्ञान नाहीं त्यावर उपदेश करूं नये, हा नियम आम्हीं शाळेंत पाळीत आलों होतों. म्हणून आधीं शिष्य व्हावें असें ठरवून आम्हीं नातवास तें वाद्य दाखविण्यास सांगितलें.

दिसावयास तें गिटारच, परंतु मान लांब आणि तारा सहा नसून चार, त्याही चांगल्या जाडजूड. त्या लावण्याची रीत आम्हांस सहज समजली. खालच्या तारेस षड्ज मानावें, तिच्या मध्यमांत दुसरी लावावी, मग त्या दुसरीस षड्ज मानून तिच्या मध्यमांत तिसरी, आणि त्याच क्रमानें चौथी. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करिते. मनुष्याच्या कानास २० च्या खालचें ऐकूं येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हें वाद्य श्रवणाच्या तळघरांत कसें वावरतें याची कल्पना येईल. आपल्याकडील गवई पहाटे उठून खर्ज भरतात. येथें खर्ज भरणें हाच एका माणसाचा जन्माचा व्यवसाय!

पूर्वीं हें काम पुरुषभर उंचीच्या ‘डबल बेस’कडे असे. त्यास पडदे नसतात, तें नेणें-आणणें अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जाई. सिएटल शहराच्या पॉल टुटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारें, पडद्यांचें, आडवें धरावयाचें बेस वाद्य करून पाहिलें. पण त्याचा प्रसार झाला नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलरटन येथील लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणला. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो म्हणून ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, हें नांव. तारेची लांबी त्यांनीं ३४ इंच धरिली, आणि बहुतेक बेस वाद्यें आजही त्याच मापाचीं असतात. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ; त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे! ज्यास स्वयंपाक येत नाहीं अशा तांबटानेंच उत्तम पातेलें घडवावें, त्यांतलाच हा प्रकार.

वाद्य स्वतः जवळजवळ मुकें असतें. तारांच्या खालीं लोहचुंबक व त्याभोवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार कांपली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते, आणि ती वाढवून ध्वनिक्षेपकास दिली म्हणजे नाद उमटतो. मंद्र स्वर ऐकूं येण्यास हवा पुष्कळ हलवावी लागते, म्हणून बेसवाल्याचें यंत्र इतरांपेक्षां थोर लागतें. १९६९ सालीं अँपेग कंपनीनें ३०० वॅटचें यंत्र काढिलें. त्याच्या जोडीच्या आठ ध्वनिक्षेपकांच्या पेटीस वादक थट्टेनें ‘फ्रिज’ म्हणतात, इतकी ती मोठी व जड. नातवाचें यंत्र मात्र नव्या पद्धतीचें, आपल्या पंचांगाच्या दोन-चार प्रती एकावर एक ठेवाव्या एवढें. “आजोबा, जुन्या लोकांच्या पाठी यांत मोडल्या,” तो म्हणाला.

पुढल्या शनिवारीं रॉयल ओक या गांवीं त्याचा कार्यक्रम होता. आम्ही बरोबर येतों म्हटल्यावर तो थोडा संकोचला, कारण तें स्थळ एक उपाहारगृह असून तेथें मद्यही मिळत असे. आम्ही म्हणालों, “आम्ही लिंबाचें सरबत घेऊं, तूं तुझें काम कर.” दुपारीं ४ वाजतां निघालों. वाद्य, यंत्र, पेटी, तारांचा जादा जुडगा, जादा वायरी, चिकटपट्टी, लहानसा दिवा, सारें त्यानें टिपणीवरून तपासून मोटारींत भरलें. तेथें पोहोंचल्यावर तें सारें त्यानेंच वाहिलें, मांडलें, आणि मग स्वर जुळविण्यांत एक तास गेला. कार्यक्रम ८ वाजतां सुरू झाला. त्यानें आम्हांस कानांत घालावयास रबरी बोळे दिले होते. ते आम्हीं मुकाट्यानें घातले.

खरें सांगावयाचें तर पहिल्या तासांत आम्हांस त्याच्या वाद्याचा आवाज वेगळा असा ओळखूंच आला नाहीं. लोकांचे डोळे गाणाऱ्या मुलीकडे, टाळ्या गिटारवाल्यास. आमचा नातू एका कडेला, ढोल वाजविणाऱ्याच्या पायाकडे नजर लावून उभा. मग एका गाण्याच्या मध्यभागीं कांहींतरी चमत्कारिक झालें. गाणें चालू होतें, ढोल चालू होता, तरी सारें एकाएकीं पोकळ वाटूं लागलें. तळ काढून घेतलेल्या डब्यासारखें. नाचणारीं माणसें पावलांत अडखळलीं, परंतु कां तें त्यांस कळलें नसावें. नातवाची वायर तुटली होती. त्यानें अर्ध्या मिनिटांत जादा वायर जोडली, पुनः खर्ज भरला, आणि खोली पूर्ववत् झाली. त्या अर्ध्या मिनिटांत त्याचें काम काय तें आम्हांस समजलें. जें असतांना जाणवत नाहीं आणि नसतांना सर्व डळमळतें, तें तो वाजवीत होता.

साडेअकरास कार्यक्रम संपला. इतर मंडळी गप्पा मारीत होतीं. हा मात्र वायरी गुंडाळीत होता. एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे आंत पीळ पडत नाहीं. सोंवळें वाळत घालतांना आमच्या मातोश्रींचे हात असेच चालत. घरीं पोहोंचावयास दीड वाजला. मोटारींत त्यानें हिशोब सांगितला: मिळाले १०० डॉलर, पेट्रोलास व गाडी उभी करण्यास २० गेले, तुटलेल्या वायरीचे २५, शिल्लक ५५, आणि वेळ साडेनऊ तास. आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे, तरी भागाकार आम्हांस येत होता. तो आम्हीं मोठ्यानें केला नाहीं.

त्याच आठवड्यांत तो म्हणाला, “आजोबा, आतां तुम्हांला आमच्या गुरूंचें घर दाखवितों.” तेंच हें घर. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचें, पांढऱ्या भिंतींचें, दर्शनीं ‘हिट्सव्हिल यू. एस. ए.’ अशीं निळीं अक्षरें. बेरी गॉर्डी या तरुणानें १९५९ सालीं घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन येथें ‘मोटाउन’ ही ध्वनिमुद्रणाची संस्था काढिली. पूर्वीं तेथें छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन गायकांचीं गाणीं या घरांतून साऱ्या जगांत गेलीं. १९७२ सालीं संस्था लॉस एंजलिसला हलली, आणि १९८५ पासून घराचें संग्रहालय झालें.

मुद्रणाची खोली आपल्याकडील शाळेच्या एका वर्गाहून मोठी नाहीं. चार पायऱ्या उतरून तींत जावें लागतें. छतावरून वायरी लोंबत म्हणून वादक तीस ‘सापांचा खड्डा’ म्हणत. मार्गदर्शिकेनें सर्व पाहुण्यांस उभें करून ‘माय गर्ल’ या १९६४ सालच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणावयास लाविल्या. आम्ही अर्थातच ओठ हालविले. नातू कानाशीं लागून म्हणाला, “याची सुरुवात एकट्या बेसनें होते. तो जेम्स जेमर्सन.”

जेमर्सन यांचा जन्म १९३६ सालीं साउथ कॅरोलायनांत झाला. १९५४ सालीं ते डेट्रॉइटला आले आणि येथील शाळेंत उभा बेस शिकले. पुढें १९६२ सालच्या बनावटीचा एक प्रिसिजन बेस घेऊन त्यांनीं या खोलींत शेंकडों गाण्यांस खर्ज दिला. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीनें ते तार छेडीत. त्या बोटास मित्रांनीं ‘आंकडा’ असें नांव ठेविलें होतें. तारा ते सहसा बदलीत नसत. आमच्या नातवाच्या खोलींत निरनिराळ्या तारांचीं पांच पाकिटें व पायानें दाबावयाच्या चार पेट्या आम्हीं पाहिल्या होत्या. त्याकडे आम्हीं नुसतें पाहिलें, आणि तो हंसला. उपकरण आणि सत्त्व यांविषयींचें सुभाषित आम्हीं त्यास लहानपणीं पाठ करून घेतलें होतें.

परंतु या घराची दुसरी बाजू त्यानेंच सांगितली. वर्षानुवर्षें मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांचीं नांवेंच छापीत नसत. १९७१ सालीं मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर प्रथम तीं आलीं. संस्था हलल्यावर जेमर्सनही मागोमाग कॅलिफोर्नियास गेले, पण तेथें काम आटत गेलें आणि मद्यानें शरीर पोखरलें. १९८३ सालीं मृत्यूच्या थोडे दिवस आधीं त्यांचा तो बेस चोरीस गेला. तो अद्याप सांपडलेला नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४७ वर्षांचें होतें. २००० सालीं रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत त्यांची स्थापना झाली, म्हणजे मृत्यूनंतर १७ वर्षांनीं.

बाहेर आल्यावर हिरवळीवर बसून नातू हळूच म्हणाला, “आजोबा, लोकांना वाटतें मी हट्टी आहें. मला खरें म्हणजे भीति वाटते.”

या ठिकाणीं आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे धाकटे बंधू उत्तम पेटी वाजवीत. कीर्तनकार दुरून त्यांस साथीस बोलावीत. १९८६ सालीं वडील वारले, घराचा भार आम्हांवर आला, आणि आम्हीं बंधूंस एका कचेरींत चिकटविलें. “दुसऱ्याच्या मागें बसून जन्म काढणार काय?” असें आम्ही त्यांस म्हणालों होतों. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पेटी माळ्यावर गेली. नोकरी त्यांनीं चोख केली, मुलें मार्गाला लागलीं; आमचा सल्ला व्यवहारास धरून होता. तरी त्या हिरवळीवर बसलों असतां तें वाक्य आम्हांस ऐकूं आलें, आणि त्याची लाज वाटली. लाज सल्ल्याची नव्हे, ‘मागें’ या शब्दाची.

आम्हीं नातवास हें सारें सांगितलें. पुढें एवढेंच म्हटलें कीं, “वाजवूं नकोस असें आम्ही सांगणार नाहीं. तुझा हिशोब तूंच परवां केलास. हाताशीं दुसरें अन्न असलें तर खर्ज निर्भयपणें भरतां येतो. एवढें ध्यानांत ठेव आणि तुझें तूं ठरव.” त्यानें आठ दिवस घेतले. शेवटीं उरलेलें वर्ष पुरें करण्याचें ठरवून त्यानें वाद्यवृंदास नकार कळविला. त्यांनीं लगेच दुसरा बेसवाला घेतला, आणि आमचा नातू दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. आमचेंही अन्न त्या दोन दिवसांत गोड लागलें नाहीं. कन्येस मात्र आम्हीं बजावलें कीं, यापुढें याला ‘नाद’ म्हणावयाचें नाहीं. म्हणावयाचें तर संगीतशास्त्रांतील अर्थानें म्हणावें.

घरीं परतल्यावर आम्हीं माळ्यावरची पेटी काढविली, पुसली आणि बंधूंकडे घेऊन गेलों. डेट्रॉइटच्या घराची हकीकत सांगितली. त्यांनीं झांकण उघडलें, भाता दोनदां हालविला. आंतून नुसती हवा गेली. “भाता फाटला आहे, दादा,” एवढेंच ते म्हणाले. आम्ही चहा घेऊन निघालों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचा फोन आला. पेट्या दुरुस्त करणारा तो जुना कारागीर अजून हयात आहे काय, असें ते विचारीत होते.