आमची मर्सिडीज आणि माझी ईबीसी
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

होस्टेलवर मला खऱ्या नावाने ओळखणारे फार तर चार-पाच जण असतील. बाकीच्यांसाठी मी 'मर्सिडीज'. मेसमध्ये "ए मर्सिडीज, आमटीचं भांडं सरकव", सबमिशनच्या आदल्या रात्री "मर्सिडीज, तुझं जर्नल दे ना"... फर्स्ट इयरच्या पोरांना तर ते माझं आडनावच वाटतं! मी राहणारा रत्नागिरीतलाच, पण अर्धा मुक्काम होस्टेलवर, त्यामुळे हे नाव आता भिंतींनाही पाठ झालंय. तर मंडळी, सगळ्यांच्या शंका आज एकदाच फेडून टाकतो. होय, आमच्याकडे मर्सिडीज आहे. आणि होय, मी दरवर्षी ईबीसीचा फॉर्म भरतो. दोन्ही खरं आहे.

आधी गाडीची ओळख. मर्सिडीज-बेंझ ई २२०, मॉडेल १९९५, पेट्रोल, पाटी एमएच-१२, रंग एकेकाळी पांढरा. बॉडीचं कंपनीतलं नाव डब्ल्यू १२४. मर्सिडीजने भारतात गाड्या बनवायला सुरुवात केली ती ह्याच मॉडेलपासून, १९९५ साली, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. (टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स. चाकणचा स्वतःचा कारखाना २००९ चा.) गंमत अशी, की त्याच वर्षी युरोपात हे मॉडेल मागे पडून चार गोल डोळ्यांची नवी ई-क्लास बाजारात आली होती. म्हणजे आमची गाडी नवी होती तेव्हाही जुनीच होती! तेव्हा ती वीस-बावीस लाखांच्या घरात जायची, असं भाऊ सांगतात.

भाऊ म्हणजे माझे वडील. मिरजोळे एमआयडीसीत त्यांचं वेल्डिंगचं छोटं शेड आहे. ग्रिल, गेट, शेडचे सांगाडे, वेळ पडली तर मच्छीमारांच्या बोटीचं सामान, जे येईल ते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि किनाऱ्यावरचे पत्रे उडाले. लोकांचं नुकसान झालं, पण खरं सांगायचं तर वेल्डिंगवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. त्या कामाचे पैसे दिवाळीपर्यंत हातात आले. आईच्या मनात स्लॅब टाकायचा होता. भाऊ कोल्हापूरला पाइप आणायला म्हणून गेले आणि संध्याकाळी मर्सिडीज घेऊन आले. किंमत दोन लाख दहा हजार!

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पाइप कुठायत?"

मी तेव्हा अकरावीत. मला काय, स्वर्गच. दार लावलं की 'धप्प' असा आवाज येतो, तो ऐकायला मी दार दहा वेळा लावायचो. शेजारपाजारचे बघायला आले. कुणी पेढे मागितले, कुणी उसने पैसे. आता दोन लाखांत धड वॅगन-आरही मिळत नाही हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. नाकावर तो तारा दिसला की पुढचं कुणाला काही दिसत नाही.

जुन्या भारी गाडीचं गणित मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गाडी जुन्या भावात मिळते, तिचे पार्ट मात्र नव्याच भावात मिळतात. गाडीची किंमत वीस लाखांवरून दोन लाखांवर आली, म्हणून तिच्या पाणी पंपाची काही दहावा हिस्सा होत नाही. पेट्रोलची टाकी ७० लिटरची. आमच्याकडे ती आजतागायत कधी भरलेली नाही. भाऊ पाचशेचं टाकतात आणि काटा हलला का ते बघतात. त्यात रत्नागिरीची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने समुद्राचा खारा वारा. ह्या गाडीच्या दोन्ही अंगांना खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत, दिसायला झकास. त्या काढल्या तेव्हा आत जॅक लावायच्या जागा चाळणीसारख्या झालेल्या. गंज आतल्या आत चालू होता आणि बाहेरून सगळं चकाचक. भाऊ वेल्डर नसते तर गाडी तिथेच भंगारात गेली असती. ते काम त्यांनी चार रविवारात केलं, फुकटात. (फुकटात म्हणजे चार रविवारची गिऱ्हाइकं परत पाठवून.)

वायपरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ह्या गाडीला वायपर एकच. पण काय वायपर! त्याच्या बुडाशी गिअर आहेत, त्यामुळे फिरताना तो दांडा आत-बाहेर होतो आणि काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. काचेचा ८६ टक्के भाग एकटा पुसतो. किनेमॅटिक्सच्या पेपरला उदाहरण म्हणून लिहावं इतका सुंदर. जुलै २०२२ मध्ये आम्ही दोघे कोल्हापूरहून येत होतो. आंबा घाट, रात्रीचे नऊ, धो धो पाऊस, धुकं. आणि त्या गिअरातलं तीस वर्षांचं ग्रीस संपलं होतं की काय कोण जाणे, वायपर मधोमध उभा राहिला तो राहिलाच. दुसरा नाहीच, त्यामुळे ८६ चे एकदम शून्य टक्के! कडेला गाडी लावून बसलो. मागून एसटी आली, थांबली. ड्रायव्हरकाका उतरले, गाडीकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, काही न बोलता खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि ओली करून काचेवर चोळली. पाण्याचे थेंब बसेनात, सलग पडदा होऊन वाहायला लागलं. "माझ्या लाल दिव्याच्या मागनं या सावकाश," म्हणाले. साखरप्यापर्यंत आम्ही तंबाखूवर आलो. घरी पोचल्यावर भाऊंनी रात्री बारा वाजता तो गिअरबॉक्स खोलला. नुसतं घाण आणि वाळलेलं ग्रीस. धुऊन, नवीन ग्रीस भरून बसवला, तो अजून चालतो.

असो. हे सगळं हसत सांगतोय, पण गेल्या वर्षी हसू येत नव्हतं.

सेकंड इयरला असताना गाडी अचानक मिसिंग करायला लागली. थंडीत ठीक, गरम झाली की धाप लागल्यासारखी. चढावर बंद. बाहेरगावच्या एका नावाजलेल्या गॅरेजात नेली. त्यांनी आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग हवा मोजायचा सेन्सर. प्रत्येक वेळी "आता शंभर टक्के", प्रत्येक वेळी हातखंब्याच्या आत पुन्हा तेच. ४१ हजार रुपये गेले. त्याच महिन्यात माझी उरलेली फी भरायची होती. भाऊ म्हणाले, "जरा थांबायला सांग ना सरांना."

ऑफिसात मी ईबीसीचे कागद घेऊन रांगेत उभा होतो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती म्हणतात ती, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर अर्धी ट्यूशन फी सरकार देतं. आमचं आठच्या फारच आत आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "मर्सिडीजवाल्यांना पण ईबीसी लागते का रे?" आणि रांग हसली. कोण बोललं ते मला माहीत आहे, त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पण त्या दिवशी मी घरी गेलो आणि भाऊंना तोंडावर म्हणालो, "विकून टाका ती गाडी. तुमची हौस होते, तोंड मला दाखवावं लागतं." असं मी आधी कधी बोललो नव्हतो. भाऊ ग्लोव्ह्ज काढत होते. म्हणाले, "बघतो."

खरंच बघितलं. एक लग्नात गाड्या भाड्याने देणारा आला. चालू असती तर दीड लाख म्हणाला. एक भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि "चौदाशे किलो धरू" म्हणाला. भाऊंनी दोघांना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. आम्ही बोलत होतो, पण कामापुरतं. एके दुपारी उगाच बॉनेट उघडून उभा होतो. इंजेक्टरकडे जाणारी वायर जरा वाकवली, तर तिच्यावरचं कव्हर खारी बिस्किटासारखं हातात आलं. दुसरी वाकवली, तेच. आत तांबं उघडं! मग वाचून काढलं तेव्हा कळलं. साधारण १९९२ ते १९९५ च्या काळात ह्या कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या वायरिंगला असं इन्सुलेशन वापरलं गेलं, की ते इंजिनच्या उष्णतेने काही वर्षांत कडक होऊन झडतं. जगभर हे जुनंच दुखणं आहे. गरम झालं की वायरी हलतात, एकमेकींना टेकतात, आणि कॉम्प्युटरला खोटे निरोप जातात. तो कॉम्प्युटर जळू पण शकतो. प्लग, कॉइल, सेन्सर सगळे बिचारे निर्दोष होते!

भाऊंना हाक मारली. त्यांनी ती वायर बोटात धरून चुरगळली आणि म्हणाले, "प्लायवूड आण."

मला वाटलं, काय करणार प्लायवूडचं? जुना हार्नेस त्यांनी एकही वायर न कापता अख्खा सोडवला, प्लायवूडवर पसरला, प्रत्येक वळणावर खिळा ठोकला, पेन्सिलीने फांद्या काढल्या. तयार झाला नकाशा. आता खिळ्यांमधून नवीन वायरी ओढत जायच्या, लांबी आपोआप बरोबर येते. मी आ वासून बघत होतो. हे ह्यांना कुठून येतं? तेव्हा कळलं, की १९९५ ते १९९८ भाऊ भोसरीला एका लहान कारखान्यात टेम्पोचे हार्नेस बनवायचे. दिवसभर अशा फळीसमोर उभं राहून. वेल्डिंग नंतरचं. मला एवढंच माहीत होतं की ते 'पुण्याला होते'. सुट्टीच्या दिवशी पिंपरीच्या रस्त्यावर ह्या गाड्या दिसायच्या म्हणे, नव्या कोऱ्या. "आतली वायरिंग कशी असेल, बघायला मिळाली पाहिजे, असं वाटायचं," म्हणाले. मग वायर ओढत ओढतच पुढे म्हणाले, "आता बघितली. आपली बरी होती." दोघेही किती हसलो!

चौदा दिवस लागले. उष्णता सोसणारी वायर कुर्ल्याहून मागवली, जुने कनेक्टर साफ करून पुन्हा वापरले. मल्टिमीटर माझा, क्रिंपिंग त्यांचं. प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून नंबर टाकले, थोडे माझ्या अक्षरात, थोडे त्यांच्या. मी दोन ठिकाणी चुकलो, ते एकाच, पण त्यांची चूक शोधायला दोन दिवस गेले हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. एकूण खर्च साडेसहा हजार. चावी फिरवली आणि चारी सिलिंडर एका सुरात. आई ओट्यावर उभी होती. म्हणाली, "स्लॅबचं बघा आता." स्लॅब अजून झालेला नाही. माझी फी भाऊंनी फेब्रुवारीत दोन हप्त्यांत भरली. एक हप्ता आईच्या भिशीचा होता, हे मला मागाहून कळलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फी २०२२ साली ६०० वरून ५,००० झाली होती. आणि आम्ही जायच्या दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, वीस वर्षांवरच्यांची १०,००० केली. आमची तीस वर्षांची! वर पर्यावरण कर वेगळा. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही आधीच बदलून घेतल्या. आरटीओत साहेबांनी लाइट, हॉर्न, ब्रेक बघितले. वायपर तीनदा चालवून बघितला, मला वाटतं गंमत म्हणूनच. मग बॉनेट उघडायला लावलं. आत नवा कोरा काळा हार्नेस, नीट बांधलेला.

"हे वायरिंग कंपनीचं आहे का?"

भाऊ म्हणाले, "हो साहेब. मिरजोळ्याच्या."

२०३० पर्यंतचा कागद मिळाला. येताना मारुती मंदिरला थांबून पाचशेचं पेट्रोल टाकलं. काटा जरा हलल्यासारखा वाटला.

सध्या रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला बारीक चीर गेलीय. भाऊंना प्लॅस्टिकचं वेल्डिंग येत नाही, आणि एम-सील किती दिवस टिकणार? सुट्टीत मुंबईला जाणारं कुणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे फिरकणार असेल, तर आधी मला भेटा. होस्टेलवर नाव विचारायची गरज नाही, नुसतं 'मर्सिडीज' म्हटलंत तरी पुरे.