आबांची पारध

मुलांनो, हरीण कुणी कुणी पाहिलंय? माझ्या तिसरीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात वर जातात. मग मी विचारते, "डोंगरात, मोकळं फिरणारं?" की भराभर हात खाली! त्यात मुलांची काही चूक नाही. आमचं जयसिंगपूर पडलं सपाटीवर. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, त्यांना नावं कसली, नुसते नंबर. गाव संपलं की ऊस, आणि ऊस संपला की कृष्णा नदी. डोंगर म्हणजे आमच्याकडं बाहुबलीचा. तोही सहलीला गेल्यावर पोरं एका दमात चढून मोकळी होतात.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, मात्र खऱ्याखुऱ्या डोंगरातले. आणि ते शिकारी होते.

काय, दचकलात ना? वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरं आधी खूशच झाली. "बाई, वाघ मारला का वाघ?" मी म्हटलं, "वाघ नाही रे. सांबर, भेकर." वर्ग एकदम गप्प. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग तुमचे आबा वाईट होते?"

तेवढ्यात घंटा झाली, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. एवढ्याशा पोरीला एका वाक्यात काय उत्तर द्यायचं? तुम्ही जरा मोठे आहात. तुम्हाला सगळं सविस्तर सांगते.

आबांची वाडी गगनबावडा तालुक्यात, अगदी घाटमाथ्यावर. जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही, असा तो मुलूख. उतारावर नाचणी, खाली ओढ्याकाठी थोडा भात. बाकी सगळं रान आणि कडे. आबांचा जन्म १९३८ सालचा. त्यांच्या लहानपणी वाडीला ना रस्ता, ना वीज. पीक तयार झालं की रात्री रानडुकरं आणि सांबरं शेतात उतरायची आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत फस्त! म्हणून पीक राखण्यासाठी वाडीत एका घरी परवान्याची बंदूक होती. ठासणीची. म्हणजे नळीत वरून दारू भरायची, मग छर्रे, मग लोखंडी गजानं ठासायचं. एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून! तोवर सावज पार दुसऱ्या डोंगरावर. पावसाळ्यात दारू सादळली तर नुसतंच 'फुस्स'.

पण मोठी पारध व्हायची ती शिमग्यानंतर. पिकं घरात आलेली, रानातलं गवत वाळलेलं, पाणी फक्त दोन-चार झऱ्यांना उरलेलं. आदल्या दिवशी निरोप जायचे. सगळी भावकी, शेजारच्या वाडीतले सोयरे, आबांचे मेव्हणे, दोस्त असे तीस-चाळीस जण जमायचे. शिवाय दहा-बारा कुत्री. बायकांनी भाकरी बांधून द्यायच्या. पारधीला त्यांनी यायचं नाही, असा रिवाज. (मी आबांना एकदा म्हटलं, "मला नेलं असतंत का?" तर म्हणाले, "तुला? तू तर गप बसतच न्हाईस!")

आबा पहिल्यांदा गेले ते बारा वर्षांचे असताना. हातात काय, तर पत्र्याचा डबा आणि काठी. पोरांचं काम हाका घालायचं. डोंगराच्या एका अंगाला सगळ्यांनी लांबच लांब ओळ धरायची, आणि डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान खाली-खाली रेटत न्यायचं. याला म्हणायचं रान उठवणं. समोरच्या खिंडीत बंदूकवाला दबा धरून बसलेला. वारा त्याच्याकडून सावजाकडं वाहता कामा नये, नाहीतर माणसाचा वास लागून जनावर वळलंच म्हणून समजा. ओळ मध्येच तुटली तरी खेळ संपला. दोन माणसांमधल्या फटीतून सांबर मागं निसटतं. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही. जनावर डोळ्यांनी पुरतं दिसलं पाहिजे. कारण झुडपामागं कुणाचातरी मुलगा डबा बडवत येत असायचा!

सांबर म्हणजे आपल्या देशातलं सगळ्यांत मोठं हरीण. तयार नर दोनशे किलोंच्याही पुढं भरतो. एवढं धूड, पण दाट रानातून पानाचा आवाज न करता जातं. धोका दिसला की पाय आपटतं आणि मोठ्यानं 'ढांक' असं ओरडतं. तो आवाज दरीत घुमला, की आबा म्हणायचे, अंगावर काटा यायचा. रानकुत्री मागं लागली तर ते पाण्यात शिरतं आणि तिथं उभं राहून त्यांना तोंड देतं. शिंगं फक्त नराला. ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. नवी शिंगं मऊ, मखमलीसारख्या कातडीत गुंडाळलेली असतात. काळविटाचं तसं नाही, त्याची शिंगं जन्मभर तीच. म्हणून अभ्यासक सांबर, चितळ, भेकर यांना सारंग म्हणतात आणि काळवीट, चौसिंगा यांना कुरंग. आपण मात्र सगळ्यांना 'हरीण' म्हणून मोकळे होतो!

भेकर छोटं, साधारण वीस किलोंचं. त्याचं ओरडणं ऐकलंत तर शपथेवर सांगाल की कुत्रं भुंकतंय. आणि पिसोरी तर जेमतेम तीन किलोंची. तिला शिंगंच नसतात. पाचोळ्यात बसली की शेजारून गेलात तरी दिसायची नाही. आबांनी साऱ्या आयुष्यात ती मोजून चार वेळा पाहिली.

शिकार साधली की संध्याकाळी वाटे पडायचे. घरटी एक वाटा, बंदुकीचा वेगळा, कुत्र्यांचा वेगळा. कुणाला एक फोड जास्त नाही की कमी नाही. ज्या घरात पुरुष माणूस नाही, किंवा कुणी आजारी म्हणून पारधीला आलं नाही, त्या घरीही वाटा पोचता व्हायचा. उरलेल्या सागुतीला मीठ-हळद लावून चुलीच्या वर टांगायचं, ती पुढं पुरवून पुरवून खायची. वर्षातून किती वेळा मटण मिळायचं त्या वाडीत? सणाला कोंबडी कापली तर कापली.

म्हणजे भूक होती, पिकाची राखण होती. पण एवढंच होतं का? आबा स्वतःच सांगायचे, "पोरी, खोटं कशाला बोलू? मजा यायची." पोटुशी मादी आणि पितं पिल्लू मारायचं नाही, असं सगळे म्हणायचे. पण हाक्याच्या गडबडीत ते दर वेळी पाळलं जायचंच असं नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं.

आता जरा राजेरजवाड्यांकडं वळू. ज्यांनी १९१७ साली आमचं जयसिंगपूर वसवलं आणि गावाला आपल्या वडिलांचं, जयसिंगरावांचं, नाव दिलं, ते राजर्षी शाहू महाराजही मोठे शिकारी होते. कोल्हापूर संस्थानात तर चित्ते पाळून, त्यांना शिकवून त्यांच्याकडून काळवीट धरले जायचे. पुढं चित्ते आपल्याकडं मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. आणि गंमत बघा, दाजीपूरचं जंगल महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, म्हणून तर ते टिकलं! १९५८ साली तिथंच गव्यांसाठी अभयारण्य झालं. तेच आजचं राधानगरी अभयारण्य.

आमच्या वाडीचं रान मात्र कुणी राखलेलं नव्हतं. कोळशाच्या भट्ट्यांसाठी झाडं तुटली, रस्ते आले, बंदुका वाढल्या. आबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी एका हाक्यात चार-पाच सांबरं उठायची. मग दोन. मग एखादं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हरणांच्या शिकारीवर कडक बंधनं आली. वाडीत त्याची खबर पोचायला काही दिवस लागले. ती येण्याआधीच आबांची शेवटची पारध होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळपासून तीन रानं उठवली. चाळीस माणसं घसा फोडून ओरडली. उठलं काय, तर एक ससा! त्याच्यावर बार काढायलाही कुणाला लाज वाटली. माणसं भाकरी खाऊन, एकमेकांशी न बोलता घरी आली.

गोष्टीत असतं तसं आबांना पुढं फार वाईट वाटलं, त्यांनी बंदुकीला हात न लावण्याची शपथ घेतली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं काही झालं नाही. त्यांना पारधीची आठवण यायची, शिमगा आला की जास्तच. पण कायदा झाला म्हणजे झाला. नंतर वाडीतली काही पोरं चोरून फासे लावायला लागली, तेव्हा आबांनी त्यांना चावडीवर सगळ्यांदेखत झापलं. "पारध चार माणसांत व्हायची. ही चोरी हाय," म्हणाले.

एक गोष्ट मात्र घरात उरली होती. माजघराच्या भिंतीवर सांबराची शिंगं. आबांचा फेटा कायम त्यांच्यावर टांगलेला. २००३ साली सरकारनं जाहीर केलं, की ज्यांच्या घरी अशी शिंगं, कातडी असतील त्यांनी ठरावीक मुदतीत तसं लिहून कळवावं. मी सातवीची परीक्षा देऊन सुट्टीला वाडीवर गेले होते. आबांना सही करता यायची, पण लिहिणं जेमतेम. म्हणून अर्ज माझ्या अक्षरात! 'वस्तू कशी मिळाली' असं आलं तेव्हा मी पेन थांबवून आबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लिही, मी मारलं. साल लिही १९६४." मी घाबरले. म्हटलं, "आबा, पोलीस धरतील!" ते म्हणाले, "तवा कायदा न्हवता. आन् लपवायचं कशाला? मारलंय ते मारलंय."

पुढं वनखात्याची माणसं आली, शिंगं मोजली, कागदावर नोंद केली. रीतसर दाखला घेऊन ती घरात ठेवता आली असती. पण आबा म्हणाले, "न्या तुमीच. माझ्या मागं ही पोरं काय करतील, कुणाला इकतील, कुणी सांगावं?" ते गेल्यावर भिंतीवर दोन पांढरे डाग राहिले. काकूनं तिथं आरसा लावला. (तुम्हालाही सांगून ठेवते, रानात गळून पडलेलं शिंग सापडलं तरी घरी आणायचं नाही. तेही कायद्यात बसत नाही.)

आता थोडं गणित करू. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक. आणि मागं कळप टिकायचा तर त्याच्या रानात पाचशेच्या आसपास जनावरं पाहिजेत. आता मला सांगा, चाळीस माणसांच्या हाक्यात जिथं एक ससा उठतो तिथं वाघ काय खाणार? कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ तिथं जवळपास नव्हतेच. २०२५ साली ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. पण नुसता वाघ सोडून भागत नाही, आधी त्याचं ताट वाढावं लागतं. म्हणून वनखात्यानं सागरेश्वरची चितळं चांदोलीत नेऊन सोडायचं काम हाती घेतलं.

सागरेश्वर आपल्या सांगली जिल्ह्यातलं, देवराष्ट्र्याजवळचं. एके काळी तो नुसता बोडका डोंगर होता. धों. म. मोहिते यांनी आणि गावकऱ्यांनी तिथं झाडं लावली, जगवली, आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. जयसिंगपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

२०१२ च्या जानेवारीत आम्ही घरची सगळी तिथं गेलो होतो. आबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. चितळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या पावसाच्या डोंगरात ते नसायचंच. आम्ही सगळे दुर्बीण घेऊन लांब बघत होतो, आणि आबा खाली वाकून धूळ बघत होते. खुराच्या ठशाची कड त्यांनी बोटानं चाचपली. "सकाळचं हाय. कड अजून ढासळली न्हाई. ही मादी. आन् हे बारकं तिच्या मागं." मग हात वर करून आम्हाला गप्प केलं, वारा बघितला आणि सगळ्यांना वळसा घालून एका झुडपाच्या आडोशाला नेऊन बसवलं. दहा मिनिटं झाली असतील. समोरच्या उतारावर ठिपकेवाली मादी आली, तिच्यामागं पिल्लू. इतकी जवळ, की तिचे कान हलताना दिसत होते.

ती निघून गेल्यावर माझ्या भावाचा सात वर्षांचा मुलगा आबांच्या कानाशी लागला. "आबा, आत्ता बंदूक असती तर मारलं असतं?"

आबांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "पिल्लू व्हतं की रे तिच्यामागं."

"आणि नसतं तर?"

"नसतं तर ठाऊक न्हाई बाबा," आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चला, भाकरी सोडा आता."